गाडी बसली

माझ्या दाजींइतकी सावकाश मोटरसायकल कोल्हापुरात कुणी चालवली नाही, आणि माझ्या दाजींइतक्या वेगानं ती कुणी हाणलीही नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत. पहिल्याला अख्खी गल्ली साक्षीला उभी राहील. दुसऱ्याचा साक्षीदार मी एकटा, आणि मी पडलो न बोलणारा माणूस. त्यामुळं गल्ली इतकी वर्षं हसत राहिली आणि मी मान खाली घालून ते ऐकत राहिलो. आता ज्यांना हसायचंच असेल त्यांनी खुशाल हसावं, पण हे वाचून झाल्यावर. त्याआधी कुणी हसलं तर मी ऐकून घेणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून. आई-वडील गेल्यावर अक्कानं मला आपल्या घराच्या माडीवर ठेवून घेतलं. मी त्यांना दाजी म्हणायचो, ते ऐकून गल्ली दाजी म्हणायला लागली, आणि शेवटी त्यांचे साहेबसुद्धा फायलीवर 'दाजींनी पाहावे' असा शेरा मारू लागले. अंगानं किडकिडीत, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा. हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे माडीवर, माझ्यासारखा मुखदुर्बळ भाडेकरू यावा ही देवाची गंमतच म्हणायची.

दाजींचं सगळं तत्त्वज्ञान एका क्रियापदावर उभं होतं, आणि ते क्रियापद होतं 'बसणं'. जगातली कुठलीही नवी वस्तू आधी बसावी लागते, आणि ती बसेपर्यंत तिच्याबद्दल बरं-वाईट बोलायचा कुणाला अधिकार नाही. नवं पायताण आणलं की ते आधी आठवडाभर एरंडेल पिऊन खुंटीला लटकायचं, मग अंगणात फिरायचं, मग गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, आणि लग्नकार्याला नेण्याइतकं बसेपर्यंत त्याचा अंगठा तुटायला आलेला असे. नवा पंखा ऐन मे महिन्यात दोनच्या वर न्यायला बंदी होती. आम्ही घामानं निथळत बसलेलो आणि दाजी छताकडं कौतुकानं बघत म्हणणार, "बसू दे त्याला. एकदा बसला की बघा कसा वारा टाकतोय." नव्या कुकरमध्ये अक्कानं पहिल्यांदा नुसतं पाणी उकळलं, मग भात लावला, आणि डाळीसारखी जड जबाबदारी त्याच्यावर पुढच्या महिन्यात टाकली. नव्या रंगीत टीव्हीवर आधी फक्त बातम्या. दिवसभराची क्रिकेटची मॅच कोवळ्या मशिनला झेपणार नाही म्हणून ती बघायला आम्ही शेजारी जात होतो. पुढं त्यांनी कवळी बसवली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनीही 'बसवली' हाच शब्द वापरला, याचा त्यांना दातांपेक्षा जास्त आनंद झाला. त्याच आठवड्यात एका बारशाच्या जेवणात त्यांनी मटणाच्या ताटावर बसून नुसता पांढरा रस्सा प्यायला आणि आग्रह करणाऱ्या वाढप्याला पंगत हादरेल अशा आवाजात सांगितलं, "पावणं, दात रनिंगमधी हाईत!"

हा 'रनिंग' शब्द, म्हणजे नवी वस्तू बसेपर्यंतचा काळ, त्यांना मोटरसायकलनं दिला. नव्वदच्या दशकात लोक स्कूटरी विकून फोर-स्ट्रोक मोटरसायकली घ्यायला लागले, तेव्हा दाजींनीही एक घेतली, काळी, लाल पट्ट्याची. शोरूमपासून घरापर्यंत त्यांनी ती ढकलत आणली, कारण रविवारच्या बाजारातून पहिल्याच दिवशी क्लच दाबत आणणं म्हणजे तान्ह्या पोराला जत्रेत नेणं. अक्कानं औक्षण केलं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, तर ते दाजींनी स्वतःच्या टाचेनं चिरडलं. पहिल्याच दिवशी गाडीला लिंबाचा चढ नको. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नये. दाजींनी पाचशेचे हजार केले, कारण कंपनीला विकायची घाई असते. चाळीसचे पस्तीस केले, कारण काटा खोटं बोलतो. आणि पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत डबलसीट अजिबात नाही, हे कलम स्वतःच्या पदरचं घातलं. "खोंडाला पैल्याच दिवशी नांगराला जुंपता व्हय?" ते विचारत. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी खोंड पाळला नव्हता, पण त्यांचा आवाज ऐकून समोरचा शेतकरीसुद्धा गप्प बसे.

त्या दिवसांत गडमुडशिंगीला एक लग्न होतं. अक्का नवं लुगडं नेसून गाडीपाशी आली, तर दाजींनी तिला बसचे सुटे पैसे काढून दिले. ती सिटी बसनं निघाली आणि दाजी मोकळ्या गाडीवर बसच्या मागं. वाटेत त्यांना सायकलवाल्या गवळ्यानं ओलांडलं, रिकाम्या ट्रॅक्टरनं ओलांडलं, वऱ्हाडाच्या टेम्पोनं तर गाणं लावून ओलांडलं. अक्काचं जेवण होऊन ती पान खात मांडवाच्या दारात उभी, तेव्हा दाजी आले. "कुणासाठी घेतली ही गाडी?" ती चारचौघांत म्हणाली. दाजींनी शांतपणे स्टँड लावला. "तुझं वजन न्हाई काढलं मी. गाडीचं वय काढलंय," ते म्हणाले, आणि इंजिनाला हात लावून ते फार तापलं नाही ना ते बघितलं.

गल्लीतल्या खऱ्या युद्धाचा विषय मात्र ॲव्हरेज हा होता. कोल्हापुरात माणसाला मुलं किती, हे दुसऱ्यांदा भेटल्यावर विचारतात. गाडीचं ॲव्हरेज पहिल्यांदाच विचारतात. समोरच्या किराणा दुकानदारानं त्याच महिन्यात तीच गाडी घेतली होती. त्यानं ती पहिल्या दिवसापासून साखरेची पोती लादून पिटाळली, आणि ती सत्तर देते असं तो सांगत होता. दाजींची पंचेचाळीस देत होती, आणि दाजी खोटं बोलत नव्हते, ही अडचण होती. रोज सकाळी शटर वर करता करता दुकानदार हाक मारायचा, "काय दाजी, ॲव्हरेज?"

"पंचेचाळीस."

"माझी सत्तर देती की!"

"तुझी गाडी सत्तर देती, पण तुझा तराजू किलोला किती देतोय ते सांग आधी. माझी अजून बसायचीय. बसली की बोलू."

"आणि न्हाई बसली तर?"

"बसणार! ज्या दिवशी बसंल त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढं. आणि पैला पेढा तुझ्या तोंडात कोंबणार मी."

नव्या गाडीला सुरुवातीला पेट्रोल जास्तच लागतं, आतले भाग एकमेकांशी घासून-घासून जुळले की ॲव्हरेज आपोआप वाढतं, हे ते ऑफिसात, न्हाव्याकडं, एकदा तर एका मयतीच्या मागं चालताना समजावून सांगत होते. लोक हसत. दाजी अजिबात हटत नव्हते. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपलं सगळं तत्त्वज्ञान एका इंजिनावर लावलं होतं, आणि ते खरं ठरायला थोडेच किलोमीटर उरले होते.

आता माझ्याकडं यावं लागेल, जे मी आजवर टाळत आलो. त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. मुलगी कुरुंदवाडची, कापडाच्या दुकानदाराची, घरात निम्मं कानडी बोलणारी, हसरी. मी वारणानगरला नोकरीला, सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी यायचं, जेवायचं, झोपायचं. मी तिच्याशी भांडलो नाही, तिला टाकून बोललो नाही. मी बोललोच नाही. लोक याला शांत स्वभाव म्हणायचे आणि मीही म्हणू देत होतो. ती माडीच्या खिडकीत बसून खाली दाजींचा आरडाओरडा ऐकत राहायची. एकदा म्हणाली, "खालचं घर जितं हाय." त्याचा अर्थ मी विचारला नाही. दसऱ्यानंतर 'अव्वाला बरं न्हाई' म्हणून ती माहेरी गेली ती आली नाही, आणि मी आणायलाही गेलो नाही. गल्लीत सगळ्यांना ती आईच्या आजारपणासाठी गेलीय एवढंच माहीत होतं.

एका रविवारी तिचा चुलतभाऊ मला स्टँडवर भेटला. म्हणाला, "तुमची मंडळी आज हुबळीला चालल्यात, भावाकडं. तितंच ऱ्हाऊन डी.एड. करणार म्हणत्यात. चारला घरातनं निघून मिरजेला रेल्वे." एवढं बोलून तो बसमध्ये चढला. ती हुबळीला गेली की प्रकरण संपलं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी घरी आलो आणि पानावर बसलो. दाजींच्या घरी रविवारचं जेवण कधी वेळेत नसायचं. तीन वाजून गेले होते.

"पावणं," दाजी म्हणाले, "भाकरी मोडलीय आणि तोंडात जाईना. काय झालं?"

मी सांगितलं. दोन वाक्यांत. अक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. दाजी अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि अंगणात जाऊन गाडीला किक मारली. मला वाटलं, ते एकटेच निघाले. तर त्यांनी मागं वळून सीटवर थाप मारली.

"बसा."

ज्या सीटवर अक्कानं अजून पदर टेकला नव्हता, त्या सीटवर मी बसलो. अक्का दारातून म्हणाली, "अहो, सर्व्हिसिंग व्हायचीय अजून—" पण आम्ही गल्लीबाहेर पडलो होतो.

सवयीचा जोर बघा: जकात नाक्यापर्यंत दाजी पस्तीसवरच होते. मी मागून म्हणालो, "दाजी, जरा..." आणि थांबलो.

"जरा काय?"

"काही नाही."

"बायको आणाय चाललाय का पोस्टात कार्ड टाकाय? तोंडानं सांगा की!"

"जोरात चालवा."

"ऐकू येत न्हाई!"

"जोरात चालवा!" मी ओरडलो. रस्त्याकडेच्या रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली.

"आत्ता कसं! कवाचा बसलाय तुमचा आवाज, उठला एकदाचा!" असं म्हणून त्यांनी मूठ पिळली. मी तो काटा बघितला आहे. चाळीस ओलांडताना दाजींनी एकदा डोळे मिटलेले आरशात दिसले, आणि मग साठ, सत्तर, त्याच्याही पुढं. त्या दिवशी त्यांनी लाल एस.टी. ओलांडली, दोन जीपगाड्या ओलांडल्या, लग्नाच्या वरातीतली एक ॲम्बॅसिडर ओलांडली. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ ही गावं नुसत्या पाट्या होऊन गेली. इंजिनाचा आवाज बदलत होता, वास येत होता, आणि प्रत्येक चढावर दाजी टाकीवर हात फिरवून तिला म्हणत होते, "एवढं कर बाई, एवढंच कर." कुरुंदवाडच्या अलीकडं पंचगंगेच्या पुलावर ती एकदम कण्हली, मागचं चाक घसटलं आणि ती जागच्या जागी थांबली. किक खाली जाईना.

दाजी उतरले. इंजिनाजवळ कान नेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडी बसली."

इतकी वर्षं ज्या शब्दावर ते जगले, त्याचा दुसरा अर्थ त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला. इंजिन जुळलं की दाजींच्या भाषेत गाडी बसायची, आणि इंजिन तापून जाम झालं की साऱ्या जगाच्या भाषेत बसायची. मी काहीतरी बोलायला गेलो, तर ते खेकसले, "हितं काय बगताय? पळा! मी बसतो तिच्याजवळ."

मी पळालो. पोचलो तेव्हा ती पायरीवर बॅग घेऊन उभी होती आणि सासरे रिक्षावाल्याशी बोलत होते. मला बघून ते सवयीनं कानडीत "बर्री, बर्री" म्हणाले, आणि या माणसाला 'या' म्हणावं का, असा चेहरा करून थांबले. माझ्या शर्टावर तेलाचे शिंतोडे, श्वास लागलेला.

"कसं आलाय?" तिनं विचारलं.

"दाजींच्या गाडीवर. पुलावर बंद पडली. इंजिन गेलं."

"दाजींनी तुमाला मागं बसवलं? सर्व्हिसिंगच्या आदी?" तिनं बॅग खाली ठेवली. "अक्कांना सुदिक बसू दिलं न्हवतं की!"

मग मी बोललो. फार काही नाही. म्हणालो, घरी आल्यावर काय बोलावं ते मला सुचत नाही. तू गेल्यापासून सुचतंय, तर ऐकायला कुणी नाही.

"हे तितंच बोलला असता तर दाजींची गाडी वाचली असती," ती म्हणाली. "मी शिकणार हाय. हुबळीतनं न्हाईतर कोल्हापुरातनं. कुठनं ते सांगा. तोंडानं."

"कोल्हापुरातनं," मी म्हणालो, सासऱ्यांचा रिक्षावाला दचकेल इतक्या मोठ्यानं.

ती पुलावर आली तेव्हा दाजी कठड्यावर बसले होते, एक हात टाकीवर, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. तिला बघून त्यांनी कठड्यावरची जागा रुमालानं झटकली. "आलीस? ये पोरी, बस," एवढंच म्हणाले, आणि तोंड नदीकडं फिरवलं.

गाडी हातानं ढकलत गॅरेजला नेली. मुक्काम पडणार होता म्हणून गॅरेजवाल्यानं दाजींच्या सांगण्यावरून कोल्हापूरला समोरच्या दुकानात फोन केला: घरी सांगा, गाडी बसली, उद्या येतो. दुकानदारानं तो निरोप किती चवीनं पोचवला असेल याची कल्पना करा. "वैनी, बसली हो गाडी!" आणि अक्कानं, जिला दाजींनी लग्नापासून एकच अर्थ शिकवला होता, देवापुढं दिवा लावला, पेढे आणले आणि दारोदार वाटले. पहिला पेढा दुकानदाराच्या तोंडात, ठरल्याप्रमाणं. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोतून उतरलो, दाजी, मी, माझी बायको आणि दोऱ्यांनी बांधलेली गाडी, तेव्हा दारात अक्का औक्षणाचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्यामागं पेढे खाल्लेली अख्खी गल्ली पोट धरून हसत होती.

अक्का ताट घेऊन आत वळायला लागली. दाजी पुढं झाले, ताटातला उरलेला पेढा उचलून तोंडात टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय चुकलं तिचं? बरोबर वाटल्यात पेढं. बसली की!"

"मग ॲव्हरेज किती आता?" दुकानदार ओरडला.

"तू पेढा खा!"

मोडलेल्या गाडीशेजारी उभा राहून एवढा ताठ बोलणारा माणूस मी बघितला नाही. अक्कानं माझ्या बायकोकडं बघितलं आणि ते ताट गाडीऐवजी तिच्यावरून ओवाळलं. निरोप ऐकताना अक्कानं त्या शब्दाचा कुठला अर्थ धरला होता, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

गाडी कुरुंदवाडपर्यंत का हाणली, हे गल्लीनं खोदून खोदून विचारलं. दाजींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "हौस आली, मारली. माझी गाडी हाय." म्हणजे जगाला धीर शिकवणाऱ्या माणसाचाच धीर सुटला, असं गल्लीनं ठरवलं. त्यांनी 'बसू दे' म्हटलं की पोरंटोरंसुद्धा हसायची. नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. दाजींनी पुन्हा पस्तीसपासून सुरुवात केली, कारण नव्या रिंगा म्हणजे पुन्हा बाळंतपण. पण ती गाडी पंचेचाळीसच्या वर कधी गेली नाही. दुकानदार रोज विचारायचा, दाजी रोज "अजून बसायचीय" म्हणायचे, आणि माडीवर आम्ही दोघं ते ऐकायचो. बायको डी.एड. झाली, शाळेत लागली. ती मला म्हणायची, "जाऊन सांगा की खाली, का बिघडली ते." मी दारापर्यंत जायचो. दाजी तिथूनच डोळ्यांनी मला मागं परतवायचे. त्यांची परवानगी नव्हती हे खरं. ती नसल्यानं मला हायसं वाटायचं, हेही खरं.

पुढं दोन हजार सालानंतर मी स्वतःची मोटरसायकल घेतली. शोरूममधून ती सरळ अंगणात आणली आणि दाजींना म्हणालो, "बसा." ते मागं सरकले. "छट्! रनिंगमधी हाय ती. आदी बसू दे तिला."

"दाजी, बसा," मी ओरडलो.

ते बसले, पाय कष्टानं पलीकडं टाकून. गुडघे तोवर संपावर गेले होते. दुकानासमोरून जाताना हाक आलीच, "काय पावणं, नवी गाडी! मागच्यांना विचारून घ्या, ॲव्हरेज कसं घालवायचं ते!" मी ब्रेक लावला. भर रस्त्यात, इंजिन चालू ठेवून, मी म्हणालो, "ऐका हो. त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज कशानं गेलं ते मी सांगतो—"

माझ्या पाठीत सणसणीत चिमटा बसला.

"गप बसा, मेव्हणं," दाजी मागून पुटपुटले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "घरची गोष्ट हाय. चला."

आयुष्यभर मला बोलतं करू बघणाऱ्या माणसानं तेवढं एकदाच मला गप्प बसवलं, आणि मी बसलो. पस्तीसच्या वर न जाता रंकाळ्याला एक फेरी मारून आम्ही घरी आलो.

आता हे ऐकायला दाजी नाहीत, म्हणून सांगितलं. दुकानदारालाही परवा सांगितलं, शटर लावता लावता, सगळं, मोठ्यानं. त्यानं कुलूप अडकवलं. मग म्हणाला, "मग पेढं बरोबरच वाटलं होतं की."

गाडी माझी चांगली साठच्या वर देते. कुरुंदवाडला जाताना तो पूल आला की मी आपोआप पस्तीसवर येतो, आणि कुणी ॲव्हरेज विचारलं की उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतो. पाठीत चिमटा बसेल असं वाटतं. बसत नाही.